कार्ब्युरेटर निवडणं आणि लावणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिप्सी, एस्टीम, झेन, पद्मिनी, ११८ एनई अशा गाड्या जपणारे आणि त्या जरा जोरात पळवू पाहणारे लोक जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. अमेरिकेत जुन्या व्ही-एट गाड्या घेतलेल्या मराठी मंडळींचे होली कार्ब्युरेटरबद्दलचे प्रश्नही त्यात आहेत. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी १.३ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन घेतलं आहे, म्हणजे एका उत्तरातला हिशोब दुसऱ्या उत्तराशी ताडून पाहता येईल.

१. कार्ब्युरेटर नेमकं करतो काय? एवढी सगळी जेट कशाला लागतात?

इंजिन हवा ओढतं. व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यातून जाताना त्या हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. त्या कमी दाबामुळे फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल मेन जेटमधून वर खेचलं जातं. जेट म्हणजे पेट्रोल मापून सोडणारं बारीक छिद्र. पण हवा कमी वाहत असली की गळ्यात पुरेशी ओढ तयार होत नाही, म्हणून आयडलला, म्हणजे पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना, पेट्रोलची वेगळी वाट द्यावी लागते. बटरफ्लाय (पाय दिल्यावर उघडणारी हवेची झडप, म्हणजेच थ्रॉटल) थोडी उघडली की तिच्या कडेजवळची बारीक प्रोग्रेशन छिद्रं पेट्रोल देऊ लागतात. त्यानंतर मेन जेटचं काम सुरू होतं. एकदम पाय दिल्यावर हवा लगेच धावते आणि पेट्रोल मागे राहतं, ती तूट ॲक्सिलरेटर पंप भरून काढतो.

रस्त्यावरची गाडी बहुतेक वेळ ३,००० आरपीएमच्या खाली आणि अर्ध्याहून कमी थ्रॉटलवर चालते. तो सगळा वेळ ती मुख्यतः आयडल जेट आणि प्रोग्रेशनवर असते. लोक मात्र मेन जेट बदलत बसतात. पुढच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच आहे.

२. गाडीला जोर हवा आहे. कार्ब बदलायलाच हवा का?

आधी नको. जिप्सीचं उदाहरण पाहा. १.३ लिटरच्या कार्ब्युरेटरवाल्या जिप्सी किंगची ताकद साधारण ६० अश्वशक्ती होती. २००० साली एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शन, आल्यावर ती ८० च्या आसपास गेली. याचं श्रेय लोक सरसकट इंजेक्शनला देतात, पण त्याच वेळी इंजिन आठ व्हॉल्व्हचं सोळा व्हॉल्व्हचं झालं होतं. हवा आत-बाहेर जाण्याची वाट मोकळी झाली, हे मोठं कारण.

म्हणून हेड, कॅमशाफ्ट, एक्झॉस्ट आणि कॉम्प्रेशन मूळचंच असेल तर नवा कार्ब फार काही देणार नाही. मूळ कार्ब नीट ओव्हरहॉल केला, टायमिंग बरोबर लावलं, तर हरवलेला पिकअप बऱ्याचदा परत येतो. कॅम आणि हेडचं काम झालं असेल आणि वरच्या आरपीएमला गाडी दम टाकत असेल, तेव्हा कार्ब बदलण्यात अर्थ आहे.

३. माझ्या इंजिनाला किती मोठा कार्ब लागेल? काही हिशोब आहे का?

आहे, आणि सोपा आहे. इंजिनाचे लिटर गुणिले कमाल आरपीएम, भागिले ५६.६. उत्तर सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा लागेल, ते मिळतं. त्याला इंजिन प्रत्यक्षात किती भरतं त्या प्रमाणाने गुणा. मूळ इंजिनाला ०.८० ते ०.८५, चांगला कॅम आणि हेड असेल तर ०.९० ते ०.९५, आणि शर्यतीच्या इंजिनाला १ किंवा थोडं जास्त.

१.३ लिटर, ६,५०० आरपीएम: १४९ गुणिले ०.८५, म्हणजे सुमारे १२७ सीएफएम. अमेरिकन ३५० घन इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं इंजिन ६,००० आरपीएमला: ६०४ गुणिले ०.८५, म्हणजे सुमारे ५१५. याला ६०० ची होली पुरून उरते. तरीही ७५० च घ्यावी असा सल्ला हमखास मिळतो. आरपीएमचा आकडा टाकताना प्रामाणिक राहा. इंजिन ६,००० ला दमत असेल तर ७,५०० धरून काढलेला हिशोब निरुपयोगी आहे.

एका कार्बमधून सगळे सिलिंडर हवा घेतात, तिथे हा हिशोब लागू होतो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र गळा असेल तर प्रश्न ५ पाहा.

४. थोडा मोठा कार्ब घेतला तर बिघडतं काय? पुढे इंजिन वाढवायचंच आहे.

गळा मोठा झाला की त्यातून जाणाऱ्या हवेचा वेग कमी होतो. पेट्रोल खेचणारी ओढ मंदावते, मेन सर्किट उशिरा जागं होतं, पेट्रोलचे थेंब जाड राहतात आणि मॅनिफोल्डच्या भिंतींवर ओल धरते. गाडी खालून उचलत नाही, गर्दीत धक्के मारते, पेट्रोल जास्त पिते. वर ५,५०० नंतर कदाचित चार अश्वशक्ती जास्त मिळतील, पण तिथे तुम्ही दिवसातून किती सेकंद असता? दोन मापांमध्ये अडलात तर लहान घ्या. इंजिन वाढवाल तेव्हा कार्बही बदलता येईल.

५. वेबर डीसीओई ४० घेऊ की ४५?

डीसीओई हा वेबरचा दोन गळ्यांचा आडवा कार्ब. हा आकडा बटरफ्लायजवळच्या नळीचा व्यास आहे. हवा मोजली जाते ती आतल्या व्हेंचुरीत, आणि ती बदलता येते. म्हणजे खरी निवड व्हेंचुरीची आहे. ४० मध्ये साधारण ३६ मिमीपर्यंतची व्हेंचुरी बसते. रस्त्यावरच्या चार सिलिंडरच्या इंजिनांपैकी बहुतेकांना ४० ची जोडी पुरते.

चार सिलिंडरला दोन डीसीओई लावले की प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा गळा मिळतो. तो गळा पूर्ण चक्रातल्या एकाच इनटेक स्ट्रोकला हवा ओढतो, म्हणून त्या क्षणी लागणारी हवा सरासरीपेक्षा कितीतरी जास्त असते. प्रश्न ३ चा हिशोब इथे फसतो तो यामुळे. त्याऐवजी असं करा: एका सिलिंडरचे सीसी गुणिले हजारांतले आरपीएम, त्याचं वर्गमूळ, गुणिले ०.८२. हा नळीचा व्यास झाला. त्याच्या ०.८ पट व्हेंचुरी. ३२५ सीसी आणि ६,५०० आरपीएमला नळी साधारण ३८ मिमी येते, व्हेंचुरी ३० मिमी. म्हणजे डीसीओई ४०, व्हेंचुरी ३०. रॅलीसाठी, कॅम मोठा असेल तर, ३२ किंवा ३३ करून पाहावी.

एकच डीसीओई दोन-दोन सिलिंडरांना वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डवर हे प्रमाण बदलतं. तिथे व्हेंचुरी मोठी लागते आणि दोन सिलिंडरांच्या स्ट्रोकमुळे ओढीचं स्वरूपही वेगळं असतं.

६. दोन बॅरलचा ३५० आणि चार बॅरलचा ३५० सीएफएम सारखेच ना?

नाही, आणि यात खूप जण फसतात. बॅरल म्हणजे कार्बचा गळा. अमेरिकन पद्धतीत चार बॅरलचे कार्ब १.५ इंच पाऱ्याच्या दाबफरकावर मोजतात, एक आणि दोन बॅरलचे ३ इंचांवर. दाबफरक दुप्पट झाला की प्रवाह १.४१ पट होतो. म्हणून दोन बॅरलच्या ३५० ला १.४१ ने भागा. चार बॅरलच्या मापात तो फक्त २४८ च्या आसपास भरतो.

७. होलीमध्ये व्हॅक्यूम सेकंडरी घेऊ की मेकॅनिकल?

गाडी जड असेल, ऑटोमॅटिक असेल किंवा रोज चालवायची असेल तर व्हॅक्यूम. इंजिनाला हवा लागेल तेव्हाच मागचे दोन गळे उघडतात, त्यामुळे माप थोडं मोठं झालं तरी खपून जातं. हलकी गाडी, हाताचे गिअर, आखूड डिफरन्शियल आणि ट्रॅक असेल तर मेकॅनिकल. व्हॅक्यूमवाल्यात मागचे गळे लवकर उघडावेत म्हणून डायफ्रामची स्प्रिंग हलकी करता येते. पण एकदम सर्वात हलकी घालू नका, गाडी मध्येच गुदमरते.

८. कार्बला हात लावण्याआधी काय तपासायचं?

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. क्रमही पाळा.

आधी कॉम्प्रेशन आणि टॅपेट. मग पॉइंटचं अंतर किंवा इलेक्ट्रॉनिक पिकअप, प्लग, वायर. मग टायमिंग, तेही स्ट्रोब लाइट लावून, आयडलला आणि ३,००० आरपीएमला दोन्हीकडे. टायमिंग मागे असेल तर आयडल टिकावं म्हणून बटरफ्लाय जास्त उघडावी लागते, प्रोग्रेशनची छिद्रं आधीच उघडी पडतात आणि मग आयडलचं मिश्रण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नाही. कार्ब खराब आहे असं समजून लोक नवा घेतात. दोष डिस्ट्रिब्युटरमध्ये असतो.

नंतर गाडी कुठून एअर घेते का ते पाहा: मॅनिफोल्डचं पॅकिंग, कार्बच्या खालची फ्लँज, ब्रेक बूस्टरचा पाइप, बटरफ्लायच्या शाफ्टची झिजलेली बुशं. आयडलला कार्ब क्लीनरचा बारीक फवारा सांध्यांवर मारा. आरपीएम बदलला तर गळती तिथेच आहे. हे गरम एक्झॉस्टपासून लांब, उघड्या जागी आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच करायचं.

शेवटी पेट्रोलचा दाब आणि फ्लोट. त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

९. पेट्रोलचा दाब आणि फ्लोट लेव्हल किती ठेवायची?

डीसीओईला २ ते ३ पीएसआय. होलीला ५ ते ७. होलीसाठीचा इलेक्ट्रिक पंप रेग्युलेटर न लावता वेबरला जोडला तर दाबामुळे सुई बसत नाही आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होतं. गरम इंजिनावर ही आग लागण्याची गोष्ट आहे, म्हणून यात तडजोड नको.

डीसीओईचा फ्लोट झाकण उभं धरून, पॅकिंग लावलेलं असताना मोजतात. फ्लोटची जीभ सुईच्या स्प्रिंगला नुसती टेकली पाहिजे, दाबली जाता कामा नये. पॅकिंगपासून फ्लोटपर्यंतचं अंतर पितळी फ्लोटला बऱ्याच मॉडेलमध्ये साडेसात किंवा साडेआठ मिमी असतं, प्लॅस्टिकच्या फ्लोटला १२ मिमी. तुमच्या मॉडेलचा आकडा पाहूनच लावा. पातळी चुकली तर पुढचं सगळं जेटिंग चुकीच्या पायावर होतं.

डीसीओई मॅनिफोल्डला घट्ट आवळू नका. मध्ये रबर रिंगची प्लेट आणि दुहेरी स्प्रिंग वॉशर असतात. कार्ब हाताने हलवला तर किंचित हलला पाहिजे. आवळून टाकला तर इंजिनाच्या थरथरीने वाटीतल्या पेट्रोलला फेस येतो आणि वरच्या आरपीएमला गाडी कारण नसताना लीन होते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतं.

१०. जेटचा पहिला सेट कसा ठरवायचा?

व्हेंचुरीच्या चौपट मेन जेट, आणि त्यात ५० मिळवून एअर करेक्टर (मेनच्या पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा जेट). ३० च्या व्हेंचुरीला मेन १२०, एअर १७०. सिलिंडर ३२५ सीसीचा असेल तर इमल्शन ट्यूब (ही हवा पेट्रोलमध्ये जिथे मिसळते ती छिद्रांची नळी) एफ११, ३५० ते ४७५ सीसीला एफ९ किंवा एफ१६. आयडल जेटला ४५एफ९ च्या आसपास सुरुवात करा. पहिला आकडा पेट्रोलच्या छिद्राचा, दुसरा हवेच्या छिद्राचा. एफ८ हा एफ९ पेक्षा लीन, एफ६ रिच, म्हणजे पेट्रोल जास्त.

मेन जेटचा परिणाम मेन सर्किटच्या पूर्ण टप्प्यावर होतो, एअर करेक्टरचा मुख्यतः वरच्या आरपीएमवर. एअर करेक्टर मोठा केला की वर लीन होतं. मेनमध्ये ५ चा फरक जाणवतो, एअरमध्ये २० चा तरी करावा लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा.

११. आयडल आणि बॅलन्स कसा लावायचा?

इंजिन पूर्ण गरम हवं. थ्रॉटलचा रॉड काढून ठेवा. हवा मोजणारा सिंक्रोमीटर प्रत्येक गळ्याला लावून दोन्ही कार्ब सारखे करा, ९०० ते १,००० आरपीएमला. मग एकेक मिक्श्चर स्क्रू: हळू आत घ्या, इंजिन मंदावलं की थांबा, बाहेर काढा, सर्वात जास्त आरपीएम मिळतो तिथे ठेवा. चारही स्क्रू झाले की पुन्हा बॅलन्स पाहा आणि रॉड बसवून परत तपासा, कारण रॉडच्या लांबीतल्या चुकीने सगळं बिघडतं.

स्क्रू जुन्या जाड आट्यांच्या डीसीओईत साधारण एक फेरा बाहेर येतात, नव्या बारीक आट्यांच्या मॉडेलमध्ये अडीच. त्याहून फार बाहेर येत असतील तर आयडल जेट लहान आहे, जवळजवळ बंद असतील तर मोठा.

१२. पाय दिला की गाडी क्षणभर अडखळते. मेन जेट वाढवू का?

थांबा. अडखळणं कधी होतं, ते आधी पकडा. एकदम पाय दिल्यावरच होतं, की हळूहळू दाबत गेल्यावरही?

एकदम दिल्यावरच होत असेल तर पंप तपासा. इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टर काढून थ्रॉटल ओढा. बटरफ्लाय हलताक्षणी पेट्रोलची सरळ धार यायला हवी. उशिरा आली तर डायफ्राम, लिंक किंवा बॉल व्हॉल्व्ह पाहा. धार व्यवस्थित असूनही गाडी अडखळत असेल आणि मॅनिफोल्डमधून फट् असा आवाज येत असेल तर पंप जेट वाढवा. सायलेन्सरमधून काळा धूर आणि जडपणा असेल तर कमी करा. होलीमध्ये हेच काम शूटरने, म्हणजे पंपाची धार सोडणाऱ्या नोझलने, होतं. ३१ नंबरचा शूटर म्हणजे ०.०३१ इंचाचं छिद्र. दोन-तीन नंबरांच्या टप्प्याने जा.

हळूहळू दाबतानाही २,००० ते ३,००० आरपीएमच्या दरम्यान खड्डा येत असेल, म्हणजे जोर मध्येच पडत असेल, तर पंपाचा काही दोष नाही. आयडल जेट आणि मेन यांच्यामधली सांधेजोड तुटली आहे. आयडल जेट एका मापाने वाढवून पाहा. त्याने खड्डा भरला पण आयडलला वास येऊ लागला, तर पेट्रोलचं छिद्र तेच ठेवून हवेचा नंबर बदला. तरीही राहिला तर व्हेंचुरी मोठी आहे, मेन वेळेवर सुरू होत नाही. अशा वेळी मेन जेट १२० चा १३५ करून खड्डा झाकला जातो खरा, पण वर गाडी रिच होऊन ताकद जाते. प्रश्न ४ मधली चूक इथे बाहेर येते.

१३. वाइडबँड मीटरवर कोणते आकडे हवेत?

हा मीटर एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण सांगतो. तो लॅम्डावर लावा: १ म्हणजे हवा आणि पेट्रोल अगदी बरोबर, त्याहून कमी म्हणजे रिच. आयडल ०.९० ते ०.९५, स्थिर वेगाला ०.९५ ते १, पूर्ण थ्रॉटलला ०.८६ ते ०.८८. जुन्या पद्धतीने हवा आणि पेट्रोलच्या वजनाच्या प्रमाणात वाचायचं तर पूर्ण थ्रॉटलला १२.६ ते १२.९.

दोन ठिकाणी मीटर फसवतो. एक्झॉस्टच्या सांध्यातून हवा आत शिरली तर तो लीन दाखवतो. मोठ्या कॅमच्या इंजिनात आयडलला मिसिंग होत असेल तरीही लीन दाखवतो, कारण न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. तिथे कानावर आणि व्हॅक्यूम गेजवर जास्त भरवसा ठेवा. हल्लीच्या पेट्रोलवर प्लगच्या रंगावरून बारीक निदान होत नाही.

१४. ई२० आल्यापासून गाडी लीन चालते, गरम होते. काय करू?

तुमचा अनुभव बरोबर आहे. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई२० ला सुमारे १३.५. जुन्या कार्बला हे कळत नाही, तो आधीच्याच मापाने पेट्रोल देतो, म्हणजे मिश्रण साधारण ८ टक्के लीन होतं. जेटमधून जाणारं पेट्रोल छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतं, म्हणून १२० चा १२५ केला की साडेआठ टक्के वाढ मिळते. आयडल जेटही एक माप वाढवा, नाहीतर प्रश्न १२ मधला खड्डा येईल.

मीटर लॅम्डावर ठेवला असेल तर लक्ष्य बदलत नाही, म्हणूनच वर लॅम्डा सांगितला. सोबत रबराचे पाइप, डायफ्राम आणि पॅकिंग इथेनॉल सोसणाऱ्या मालाचे घाला. फ्लोटच्या वाटीत पांढरी भुकटी दिसली तर मिश्रधातू गंजायला लागला आहे.

१५. पुण्यात लावलेली गाडी महाबळेश्वरला काळा धूर सोडते. लडाखला गेलो तर?

उंचीवर हवा विरळ होते, कार्ब मात्र त्या प्रमाणात पेट्रोल कमी करत नाही. समुद्रसपाटीच्या तुलनेत पुण्याच्या सुमारे ५६० मीटरला मिश्रण अडीच-तीन टक्के रिच होतं, महाबळेश्वरच्या १,३५० मीटरला सातेक टक्के. पुण्यात नीट लावलेली गाडी वर चार टक्क्यांनी रिच होईल. शनिवार-रविवारच्या फेरीसाठी जेट बदलण्याची गरज नाही. एवढ्याने धूर दिसत असेल तर ती खालीही रिचच आहे.

लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथे मिश्रण जवळजवळ १९ टक्के रिच होतं, म्हणून १२० ऐवजी ११० चे जेट न्या. ताकद मात्र तीस टक्क्यांच्या आसपास घटणारच, ती जेटने परत येत नाही. उतरताना जुने जेट परत घालायला विसरू नका. लीन गाडी सपाटीवर पूर्ण थ्रॉटलला पिस्टन वितळवू शकते.

१६. उन्हाळ्यात पाच मिनिटं थांबवून परत सुरू केली की गाडी सुरूच होत नाही.

इंजिन बंद झाल्यावर त्याची उष्णता कार्बमध्ये चढते, वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडतं. पाय पूर्ण दाबून धरा, पंप न करता, आणि स्टार्टर मारा. कायमचा उपाय म्हणजे कार्बखाली उष्णता अडवणारा जाड फेनॉलिक स्पेसर, एक्झॉस्टवर पत्र्याचं कवच, पेट्रोल टाकीकडे परत नेणारी लाइन. चालत्या गाडीत पंपाआधीच्या पाइपात वाफ धरत असेल तर इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ बसवा.

१७. मोठा कॅम बसवल्यापासून होलीचे मिक्श्चर स्क्रू कामच करत नाहीत.

मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कमी झाल्याने आयडलसाठी बटरफ्लाय जास्त उघडावी लागते आणि ट्रान्सफर स्लॉट (होलीतली प्रोग्रेशनची फट) उघडा पडतो. कार्ब उलटा करून पाहा: स्लॉटचा छोटा चौकोनच दिसायला हवा. लांब पट्टी दिसत असेल तर पुढची बटरफ्लाय मिटवून मागच्या गळ्यांचा स्टॉप किंचित उघडा, म्हणजे हवा तिकडून मिळेल. पॉवर व्हॉल्व्ह (जोर लागला की जादा पेट्रोल देणारा) आयडलच्या व्हॅक्यूमच्या निम्म्या आकड्याचा घाला. व्हॅक्यूम ९ इंच पारा असेल तर ४.५. मूळचा ६.५ चा बऱ्याचदा हलक्या थ्रॉटललाच उघडतो.

१८. पीयूसीत पास होईल का? आणि हे कायद्यात बसतं का?

कार्बवाल्या बहुतेक जुन्या चारचाकींना आयडलला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. आयडल ०.९३ लॅम्डाच्या आसपास असेल तर त्यात बसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, म्हणून रस्त्यावरच्या गाडीत फेरफार करण्याआधी आरटीओत विचारा. शर्यतीत उतरायचं असेल तर त्या गटाचे नियम आधी वाचा. काही गटांत मूळ कार्बच ठेवावा लागतो, फक्त जेट बदलता येतात.

१९. पावसाळाभर गाडी उभी असते. कार्बचं काय करायचं?

ई२० हवेतली ओल शोषतं. पाणी वाढलं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि जेटही तळाशीच असतात. पंपाची लाइन बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, वाटीचा उरलेला तळ निचरा स्क्रूने रिकामा करा. टाकी एकतर भरून ठेवा म्हणजे दमट हवेला जागा राहत नाही, नाहीतर पूर्ण रिकामी करा. कोकणात हे जून लागायच्या आधी उरकून घ्या. दिवाळीपूर्वी गाडी काढताना आधी फ्लोटची वाटी उघडून पाहा, मग स्टार्टर मारा.